डोळ्याचं प्रेशर १४, बीपी १२४/७०, तरी बाबांची नजर कमी होतेय. कसं काय?

कृष्णाकाठ · ३ फेब्रुवारी, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि तेही रडगाणं घेऊनच.

बाबा ७४ वर्षांचे. आईबाबा वाईला, मी पुण्यात. सहा वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या तपासणीला गेले तेव्हा दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. तेव्हापासून रोज रात्री लॅटानोप्रोस्टचा एक थेंब. एकही रात्र चुकलेली नाही. बाबा शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे थेंबाचीसुद्धा हजेरी लागते. कालनिर्णयच्या त्या त्या चौकोनात पेन्सिलीनं टिंब. डोळ्याचं प्रेशर पूर्वी २३ होतं, आता १४. दर वेळी डॉक्टर म्हणतात, "छान, चालू ठेवा."

बीपीची गोळी पंधरा वर्षं चालू आहे. दोन वर्षांपूर्वी बीपी वाढलं म्हणून टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन एकत्र असलेली गोळी सुरू झाली. आता दवाखान्यात १२४/७०. फिजिशियनही खूश.

आणि गेल्या महिन्यात फील्ड टेस्ट झाली. ते वाटीसारखं यंत्र असतं बघा, हनुवटी टेकवून मधल्या दिव्याकडे बघत राहायचं आणि कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याच्या रिपोर्टमध्ये वरच्या बाजूला गेल्या वर्षी करडा डाग होता. यंदा तो काळा झालाय आणि नाकाकडे सरकलाय. बाबा बाहेर येऊन म्हणाले, "आज मशीनच कमी ठिपके दाखवत होतं गं."

प्रेशर १४ असताना काचबिंदू वाढतो कसा? नेत्रतज्ज्ञांनी जाता जाता विचारलं, "बीपीची गोळी किती वाजता घेता?" बाबा म्हणाले, रात्री जेवल्यावर. ते "हं" म्हणाले आणि तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला. त्या "हं"नं माझी झोप उडवलीय. कोणाला यातलं काही कळतं का?

झणझणीत · ३ फेब्रुवारी, रात्री ११:२८

माझ्या आत्यालाही काचबिंदू होता. ऑपरेशन करून काढून टाकला, आता चष्म्याशिवाय पेपर वाचते. काकांचंही उरकून घ्या, हाय काय नि नाय काय.

खडूस · ३ फेब्रुवारी, रात्री ११:४१

झणझणीत, तो मोतीबिंदू हो. दोघांच्या नावात 'बिंदू' आहे एवढंच काय ते साम्य. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते काढून नवीन बसवतात. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस मरत जाते. ती बदलून मिळत नाही. गेलेली नजर गेलीच. आत्याबाईंना दीर्घायुष्य, पण हा सल्ला इथे नको. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

नेत्रपल्लवी · ४ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

मी नेत्रतज्ज्ञ आहे. तुमच्या बाबांना तपासलेलं नाही, तेव्हा सर्वसाधारण सांगते.

आधी एक गैरसमज. रोज चारजण तरी ओपीडीत विचारतात, "बीपी वाढलं म्हणून डोळ्याचं प्रेशर वाढलं का?" ही दोन वेगळी प्रेशरं आहेत. डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होतं आणि बुबुळाच्या कोपऱ्यातल्या जाळीतून झिरपून जातं. जाळी तुंबली की आतला दाब चढतो. १० ते २१ मिलिमीटर पारा हा साधारण पल्ला. रक्तदाबाचा त्यावर परिणाम होतो, पण अगदी थोडा. वरचं बीपी दहानं वाढलं तर डोळ्याचा दाब पाव-एक मिलिमीटर वाढतो.

आणि २१च्या खाली म्हणजे सुखरूप, असंही नाही. जपानमधल्या ताजिमी शहरातल्या पाहणीत काचबिंदू सापडलेल्यांपैकी ९२ टक्के लोकांचा दाब २१ किंवा त्याहून कमी होता. आपल्याकडे दक्षिण भारतात झालेल्या पाहण्यांतही बऱ्याच जणांचा दाब 'नॉर्मल'च निघाला, आणि दहातल्या नऊ जणांना आपल्याला हा आजार आहे याचा पत्ताच नव्हता.

आता बीपी. डोळ्याच्या मागे नस जिथून बाहेर पडते त्या चकतीला रक्त पोचवायचं तर आतल्या दाबाला रेटून पोचवावं लागतं. म्हणजे नसेच्या वाट्याला येणारा रेटा = रक्ताचा दाब वजा डोळ्याचा दाब. ढोबळ हिशेबाला खालचं बीपी घ्या आणि त्यातून डोळ्याचं प्रेशर वजा करा. ही वजाबाकी लहान आली की नस उपाशी राहते. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये ऐंशीच्या दशकात मोठी पाहणी झाली होती. ज्यांची ही वजाबाकी सगळ्यात कमी होती, त्यांच्यात काचबिंदू सहापट आढळला.

तुमच्या डॉक्टरांचं "हं" बहुतेक यासाठीच होतं. दवाखान्यात बीपी सकाळी अकराला, बसून मोजलं जातं. रात्री अडीचला काय असतं ते कोण बघतं? झोपेत बीपी १० ते २० टक्के उतरतं, ते नैसर्गिकच. पण आडवं झाल्यावर डोळ्याचं प्रेशर मात्र चढतं. एक उतरतंय, दुसरं चढतंय. त्यात गोळी रात्री घेतली तर काहींचं बीपी २० टक्क्यांहून जास्त खाली जातं.

पाटकरी · ४ फेब्रुवारी, सकाळी ८:५०

डॉक्टरताई, मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त. तुमचं वाचून एकदम टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी आठवला. कालव्याला पाणी कमी सोडलं तर हेडच्या (सुरुवातीच्या) उसाला काही होत नाही. टेलच्या माणसाचं पीक आधी वाळतं. आणि त्याचं रान उंचावर असेल तर विचारूच नका, पाणी चढतच नाही. डोळ्याची नस म्हणजे टेलला आणि वर चढावर. बरोबर ना?

नेत्रपल्लवी · ४ फेब्रुवारी, दुपारी १:३०

काका, हे उदाहरण मी ओपीडीत वापरणार, परवानगी गृहीत धरते. फक्त एक भर. तरुणपणी नसेजवळच्या बारीक रक्तवाहिन्या स्वतःच आपलं दार कमी-जास्त उघडतात, त्यामुळे कालव्यात थोडी घटबढ झाली तरी रानात पाणी तेवढंच पोचतं. उतारवयात, आणि वर्षानुवर्षं बीपी चढं राहिलेल्या माणसात, ही दारं गंजतात. मग कालव्यातली प्रत्येक घट थेट रानात दिसते. बाल्टिमोरलाच दिसलं होतं की तरुणांत उच्च रक्तदाब काचबिंदूपासून काहीसा वाचवतोय असं वाटतं, पण सत्तरीपुढे तोच उलटतो. म्हणून "बीपी जास्त बरं की कमी बरं?" याला एका ओळीचं उत्तर नाही. दोन्ही टोकं वाईट.

खडूस · ४ फेब्रुवारी, रात्री ९:१५

थांबा जरा. हे वाचून उद्या चार म्हातारे बीपीची गोळी कचऱ्यात टाकतील. या सगळ्या पाहण्या आहेत. अमुक लोकांत तमुक जास्त दिसलं, इतकंच. गोळी बदलल्यानं काचबिंदू थांबला, असं दोन गट पाडून कोणी दाखवलंय का? उलट रात्रीची गोळी हृदयाला चांगली, हे मी स्वतः वाचलंय. अर्धांगाचा झटका आला तर डोळ्याचं काय घेऊन बसलात?

स्टेथोवाला · ४ फेब्रुवारी, रात्री १०:२०

फिजिशियन आहे, सातारा जिल्ह्यातच. खडूस यांचा अर्धा मुद्दा सोळा आणे खरा: गोळी मनानं बंद करायची नाही. आमच्याकडे पक्षाघाताचे निम्मे पेशंट "बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी सोडली" वालेच असतात.

उरलेला अर्धा जुना झालाय. रात्रीच्या गोळीचं वेड आलं ते मुख्यतः स्पेनमधल्या एका अभ्यासामुळे, २०१९ साली. झोपताना गोळी घ्या, हार्ट ॲटॅक, पक्षाघात वगैरे सगळे मिळून जवळजवळ निम्मे होतील, असा त्याचा सूर. व्हॉट्सॲपवर तो इतका फिरला की माझे पेशंट मलाच पाठवत होते. त्यावर बऱ्याच शंका घेतल्या गेल्या. मग २०२२ मध्ये ब्रिटनमधला टाइम नावाचा अभ्यास आला: २१,१०४ माणसं, निम्म्यांना सकाळी, निम्म्यांना संध्याकाळी गोळी, पाच वर्षांहून जास्त पाठपुरावा. हृदयविकार, पक्षाघात, मृत्यू, कशातच फरक नाही. म्हणजे हृदयासाठी सकाळ-रात्र सारखीच. मग ज्याला काचबिंदू आहे त्यानं उगाच रात्र का निवडायची?

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. कॅनडात ३,३५७ बीपीवाल्यांवर असाच अभ्यास झाला, त्यात रात्री गोळी घेणाऱ्यांच्या नजरेला जास्त अपाय झाल्याचं दिसलं नाही. पण ती सरसकट बीपीवाली माणसं होती. ज्याची नस आधीच अर्धी गेलीय आणि औषध घालूनही जातेय, त्याचा प्रश्न निराळा.

कृष्णाकाठ, तुम्हाला एक विचारतो. बाबा प्रोस्टेटसाठी काही घेतात का?

कृष्णाकाठ · ४ फेब्रुवारी, रात्री १०:४४

बाप रे. हो! टॅम्सुलोसिन, रात्री झोपताना. ती यूरॉलॉजिस्टनी दिलीय, तिसरे डॉक्टर. मला हे लिहायचं सुचलंच नाही, त्याचा डोळ्यांशी काय संबंध म्हणून.

स्टेथोवाला · ४ फेब्रुवारी, रात्री १०:५८

त्यानंही बीपी उतरतं, मुख्यतः उठून उभं राहताना. म्हणजे जेवणानंतर बीपीच्या दोन गोळ्या एकीत, तासाभरानं तिसरी, मग झोप. तिन्ही डॉक्टरांनी आपापल्या जागी योग्य तेच दिलंय. एका कागदावर कोणी मांडलं नाही, एवढंच. २४ तासांचं बीपी करून घ्या. मनगटाचं नको, दंडाचं.

मांडवीतीर · ५ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

म्हापशाहून. माझ्या आईची गोष्ट सांगते, कारण ती थेंबांची आहे आणि थेंबांकडे कोणी औषध म्हणून बघतच नाही. तिला टिमोलॉल दिलं होतं, दिवसातून दोनदा. दोन महिन्यांत आई जिना चढताना थांबायला लागली. आम्हाला वाटलं, वय झालं. एकदा नाडी बघितली तर ४६. ईसीजी, इको, सगळं झालं. हृदयाच्या डॉक्टरांनी विचारलं, औषधं कुठली? आम्ही गोळ्यांची पिशवी उलटी केली. थेंबांची बाटली फ्रीजच्या दारात, ती कोण सांगणार! शेवटी आईच म्हणाली, "आणि डोळ्यांत घालते ते?" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

नेत्रपल्लवी · ५ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

मांडवीतीर ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. टिमोलॉल हे ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या बीपीच्या गोळ्यांच्याच घराण्यातलं. डोळ्यातून नाकात, नाकातून थेट रक्तात जातं, पोटा-यकृताची वाट त्याला लागत नाही. दम्याच्या माणसाला तर देतच नाहीत. रात्री घातलं तर रात्रीचं बीपी आणि नाडी आणखी उतरते, आणि झोपेत डोळ्याचं प्रेशर कमी करायला त्याचा विशेष उपयोगही नाही. म्हणून एकदाच द्यायचं असेल तर सकाळी.

कुठलाही थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटानं दोन-तीन मिनिटं हलकं दाबून धरा. नाकाचं दार बंद होतं, औषध डोळ्यात राहतं. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं सोडा, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो.

आयोवाकर · ५ फेब्रुवारी, रात्री ८:०५ (इकडे सकाळ)

विषय निघालाच आहे तर एक नाव सांगायलाच हवं. रात्री उतरणाऱ्या बीपीचा आणि डोळ्याच्या नसेचा संबंध ज्यांनी आयुष्यभर लावून धरला ते डॉ. सोहनसिंग हैरे. मूळचे पंजाबचे, काम इथे अमेरिकेत, आयोवा विद्यापीठात. १९९४ मध्ये त्यांनी पेशंटना रात्रभर बीपीचं यंत्र बांधून केलेला अभ्यास छापला. नसेच्या आजारात रात्रीची घसरण हा एक घटक आहे आणि झोपताना घेतलेली बीपीची गोळी ती घसरण वाढवते, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती. वरचं टिमोलॉलचं निरीक्षणही त्यांनी नंतर मांडलं. आमच्या गावचा माणूस म्हणून थोडा अभिमान, बाकी मी साधा सॉफ्टवेअरवाला.

संत्रानगरी · ५ फेब्रुवारी, रात्री ९:३०

आमच्या नागपूरलाही सोडू नका राव! नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००८ या काळात मोठी पाहणी झाली होती, तिशीपुढच्या ४,७११ लोकांची. डोळे, बीपी, रक्त सगळं तपासलं. आमचे एक नातेवाईक त्यात होते. ते अजून सांगतात, "जर्मनीच्या डॉक्टरांनी माझ्या डोळ्याचा फोटो नेला."

अरुणोदय · ६ फेब्रुवारी, सकाळी ५:१५

सगळे औषधांवर तुटून पडलेत. पहाटे तांब्याच्या भांड्यातलं पाणी (उषःपान), नंतर शीर्षासन पाच मिनिटं, त्रिफळ्याच्या पाण्यानं डोळे धुणं. डोक्याकडे रक्त गेलं की नस आपोआप सुधारते. मी ६८, चष्मा नाही.

नेत्रपल्लवी · ६ फेब्रुवारी, सकाळी ७:००

अरुणोदय काका, तुमच्या शिस्तीला नमस्कार, पण काचबिंदूवाल्यांनी शीर्षासन अजिबात करू नये. चेन्नईत नियमित योग करणाऱ्यांचं शीर्षासनात असतानाच डोळ्याचं प्रेशर मोजलं होतं. दुप्पट झालं. रक्त डोक्याकडे जातं तसं डोळ्यातल्या पाण्याची वाटही तुंबते. सर्वांगासन, विपरीत करणी, फार वेळ ओणवं राहणं, यांतही हाच धोका. चालणं उत्तम.

उषःपानाचंही ऐका. एका दमात लिटरभर पाणी प्यायलं की तास-दोन तास डोळ्याचं प्रेशर चढतं. इतकं की ही आमच्याकडे एक तपासणीच आहे, मुद्दाम पाणी पाजून प्रेशर किती चढतं ते बघतात. पाणी प्या, पण अर्ध्या-पाऊण तासात घोट घोट. आणि घरगुती पाण्यानं डोळे धुऊ नका, जंतुसंसर्गाचे पेशंट बघून कंटाळलेय.

कृष्णाकाठ · ६ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

बाबा चाळीस वर्षं पहाटे उठून मोठा तांब्याभर पाणी घटाघटा पितात, उभ्यानंच. आत्ता फोन करून सांगितलं. म्हणाले, "एवढंच काय ते सुख होतं." मग थोडं थांबून, "घोट किती मिलीचा?"

ढब्बूमिरची · ८ फेब्रुवारी, दुपारी ४:००

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलंय की ॲम्लोडिपिननं आंधळेपण येतं, परदेशात सिद्ध झालंय. आई घाबरून बसलीय. खरं आहे का?

स्टेथोवाला · ८ फेब्रुवारी, रात्री ९:४५

मूळ बातमी २०२३ची. ब्रिटनमधल्या चार लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी चाळल्या, तर ॲम्लोडिपिनच्या गटातली औषधं घेणाऱ्यांमध्ये काचबिंदूची नोंद इतरांपेक्षा जास्त दिसली. डोळ्याचं प्रेशर मात्र जास्त नव्हतं. गोळीमुळे झालं की गोळी ज्या कारणासाठी दिली त्यामुळे, हे त्यातून ठरत नाही. 'आंधळेपण सिद्ध' हा ग्रुपचा मसाला. आईला काचबिंदू नसेल तर गोळी चालू ठेवा. असेल आणि वाढत असेल तर डॉक्टरांशी बोला, पर्याय आहेत.

खडूस · ८ फेब्रुवारी, रात्री १०:१०

हे बरं सांगितलंत. आता माझी तलवार म्यान.

कृष्णाकाठ · १६ मार्च, रात्री १०:०२

अपडेट. उशीर झाला, कारण यंत्र मिळायलाच दोन आठवडे गेले, आणि मग बाबांना तयार करायला.

२४ तासांचं यंत्र पट्ट्यानं कमरेला, पट्टी दंडाला. दिवसा वीस मिनिटांनी, रात्री अर्ध्या तासानं फुगतं. फुगलं की हात सरळ सोडून गप्प राहायचं. बाबा भाजी घेत असताना मध्येच पुतळ्यासारखे थांबले, भाजीवाली घाबरली. रात्री आई वैतागून बाहेर जाऊन झोपली, म्हणे घरात कोणीतरी सायकलला हवा भरतंय. बाबांनी झोपल्या-उठल्याच्या, गोळीच्या, थेंबाच्या वेळा वहीत मांडल्या. दोनदा लघवीला उठले, त्याच्याही.

निकाल: दिवसाची सरासरी १२६/७२. रात्रीची ९८/५४. सगळ्यात कमी पहाटे २:४० ला, ९२/४६.

नेत्रतज्ज्ञांकडे यावेळी दुपारची शेवटची वेळ मागून घेतली. त्यांनी प्रेशर बसून मोजलं, १४. मग बाबांना अर्धा तास आडवं झोपवून हातातल्या यंत्रानं पुन्हा मोजलं. १९.

बाबांनी तिथेच खिशातून पेन काढलं आणि फाईलच्या पाठीमागे लिहिलं:

दिवसा ७२ − १४ = ५८
रात्री ४६ − १९ = २७

आणि डॉक्टरांकडे असं बघितलं की जणू पोरानं गृहपाठ दाखवायचाय. डॉक्टर म्हणाले, "सर, इतकं सोपं नाहीये ते, पण दिशा हीच."

नेत्रपल्लवी · १७ मार्च, सकाळी ७:१५

तुमच्या डॉक्टरांनी सावध उत्तर दिलं ते बरोबर. बसलेल्या माणसाचा डोळा हृदयाच्या बराच वर असतो, म्हणून दंडावर मोजलेला दाब जसाच्या तसा डोळ्यापर्यंत पोचत नाही. आडवं झाल्यावर दोन्ही एका पातळीत येतात, त्यामुळे तेवढी तूट भरून निघते. म्हणजे ५८ आणि २७ थेट एका तराजूत घालता येत नाहीत. तरी वरचं बीपी सरासरी १२६ वरून ९८, हा २२ टक्के उतार म्हणजे नक्कीच नेहमीपेक्षा जास्त. बाबांना माझा नमस्कार सांगा.

आणि एक विचारा: बाबा घोरतात का? झोपेत श्वास अडकत असेल तर रात्रीचा प्राणवायू कमी पडतो, नसेला तेही भोवतं. हिमोग्लोबिनही एकदा बघा.

कृष्णाकाठ · १७ मार्च, सकाळी ८:३०

घोरणं आईच्या मते "मालगाडी", पण श्वास अडकत नाही म्हणते. हिमोग्लोबिन १०.८ निघालं, त्याची वेगळी चौकशी सुरू झालीय.

कृष्णाकाठ · २९ जुलै, रात्री ९:५०

पुन्हा अपडेट, कारण व्यक्तिगत निरोपातून बऱ्याच जणांनी विचारलं.

फिजिशियनना नेत्रतज्ज्ञांनी चिठ्ठी लिहिली. साध्या पॅडवर चार ओळी: रात्री बीपी फार उतरतंय, डोळ्याची नस वाढत्या धोक्यात, गोळीची वेळ आणि मात्रा बघाल का? सहा वर्षांत या दोन डॉक्टरांमधला हा पहिला पत्रव्यवहार. फिजिशियन अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, "यांना काचबिंदू आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं." आणि ते खरंच होतं. आम्ही बीपीची फाईल तिकडे न्यायचो, डोळ्याची इकडे.

बीपीची गोळी सकाळी न्याहारीनंतर आली आणि ॲम्लोडिपिन अर्धं झालं. टॅम्सुलोसिनबद्दल यूरॉलॉजिस्टशी बोलून ती संध्याकाळच्या जेवणानंतर लगेच, बीपीच्या गोळीपासून लांब. डोळ्यांत लॅटानोप्रोस्टसोबत डोर्झोलॅमाइडचा थेंब वाढला. तो झोंबतो आणि तोंड कडू होतं म्हणून बाबा कुरकुरतात. कोपरा दाबून धरल्यावर कडू होत नाही, हे त्यांनी स्वतः शोधलं असं त्यांना वाटतं. मी काही बोलले नाही.

जूनमध्ये पुन्हा २४ तासांचं यंत्र: दिवसाची सरासरी १३१/७५, रात्रीची ११२/६२. फिजिशियन म्हणाले, चालेल, पण दिवसाचं याच्या वर जाऊ देणार नाही. डोळ्याचं प्रेशर बसून ११.

परवा फील्ड टेस्ट झाली. काळा डाग आहे तिथेच आहे, वाढलेला नाही. नेत्रतज्ज्ञांनी बजावलंय की एका टेस्टवर नाचू नका, अशा आणखी दोन-तीन झाल्याशिवाय थांबलाय असं म्हणता येणार नाही. पुढची नोव्हेंबरात. बाबा बाहेर येऊन म्हणाले, "आज मशीननं मागच्या वेळेइतकेच दाखवले."

पाटकरी · २९ जुलै, रात्री १०:२०

टेलला पाणी पोचलं म्हणायचं! सरांना सांगा, आवर्तन नियमित ठेवा.

ढब्बूमिरची · ३० जुलै, सकाळी ११:००

ताई, ते २४ तासांचं यंत्र कुठे मिळालं? आमच्या इथल्या दवाखान्यात "ते काय असतं" म्हणाले.

कृष्णाकाठ · ३० जुलै, दुपारी १२:१५

हृदयविकाराच्या मोठ्या दवाखान्यांत विचार. होल्टर (२४ तासांचा ईसीजी) लावतात तिथे बहुधा असतंच. डिपॉझिट भरून घरी देतात, दुसऱ्या दिवशी परत. एकच यंत्र असतं म्हणून नंबर लावावा लागतो. आणि जाताना सैल बाह्यांचा शर्ट घालून ने. बाबांनी नेहमीचा फुल शर्ट घातला होता, शेवटी शिवण उसवून पट्टी लावली.